कमळचं उभं राहणं

आमची कमळ ढुंगणावर सरकत जायची, आणि आमच्या घरात त्याची कुणाला लाज वाटत नव्हती. लाज मागाहून आली. ती आमच्याच माणसांनी हौसेने घरात आणली आणि देव बसवावा तशी बसवली.

मी पायलट. विमानाचा नव्हे, मोटरसायकलचा. पेडण्याच्या बाजारात पिवळ्या मडगार्डची येझदी घेऊन उभा असतो, मागे गिऱ्हाईक घ्यायचं आणि म्हापशाला सोडायचं. दिवसभर शिव्या देऊन आणि खाऊन तोंड फाटलंय, तेव्हा गोडगोड सांगणं माझ्याकडून होणार नाही. ज्याला ऐकायचं त्याने ऐकावं.

कमळ ही माझ्या थोरल्या भावाची, महादेवची मुलगी. पाळण्यातलं नाव कमलाक्षी. जन्मली तेव्हा रडली नाही. निळी पडली होती. सुईणीने उलटी धरून थापट्या मारल्या तेव्हा कुठे आवाज फुटला, पण तोवर डोक्यात जी नासाडी व्हायची ती होऊन गेली होती. दोन्ही पाय ताठ, गुडघ्याशी एकमेकांवर चढलेले. डावा हात कायम मुठीत. बोलायला गेली की तोंड वाकडं व्हायचं आणि शब्द तुटून यायचा. अक्कल मात्र अशी की आम्हा चौघांना विकून येईल.

तिला सरकायला आईने शिकवलं. आई म्हणजे माझी आई, कमळची आजी. पोफळीचा वाळका झाप खाली पडतो, त्याच्या बुडाला चामड्यासारखं रुंद पान असतं, त्याला आम्ही पोय म्हणतो. ती पोय आईने फडक्याने कमळच्या कमरेला बांधली आणि तिला अंगणात सोडून दिली. उजवा तळवा जमिनीवर टेकायचा, ढकलायचं, की पोर सुटली. सोप्यावरून अंगणात, अंगणातून गोठ्यात, गोठ्यातून मागच्या चढावर. तळव्याला घट्टे पडले होते. कोंबड्या तिला महादेवपेक्षा जास्त घाबरायच्या.

आमचं काजूचं भाट, म्हणजे बाग, घरामागच्या डोंगरावर. शिमग्याच्या आगेमागे बोंडू, म्हणजे काजूची फळं, पिकायला लागले की घरात माणूस थांबत नाही. उजाडताना वेचायला जायचं, ढीग घालायचा, बोंडूपासून बी पिळून वेगळी करायची, मग बोंडू तुडवून रस काढायचा. बी वेगळी करायचं काम कमळचं. महादेव तिला पाठीवर घेऊन वर न्यायचा आणि ढिगाशी बसवायचा. डाव्या मुठीखाली बोंडू दाबायचा, उजव्या हाताने बी पिरगळायची. हळू व्हायचं, पण तिच्या हातून एक बी बोंडवात राहायची नाही. मी कधी मदतीला बसलो आणि माझ्याकडून राहिली, की ती बोंडू उचलून माझ्यासमोर धरायची आणि नुसती बघत राहायची. रसाने बोटांची कातडी निघायची, आईने खोबरेल लावलं की दुसऱ्या दिवशी पुन्हा ढिगाशी. भाटात येणारीजाणारी माणसं तिच्याशी बोलायची, चिडवायची. तीही फिरून चिडवायची. घरातल्या कामात तिचा वाटा होता आणि तो तिला माहीत होता.

मग शाळेचं सुरू झालं.

वाड्यावरची तिच्या वयाची पोरं शाळेत जायला लागून दोन-तीन वर्षं झाली होती. कमळ सकाळी सरकत वाटेवरच्या दगडी गडग्यापर्यंत जायची आणि दप्तरं जाताना बघायची. एके दिवशी चुलीशी येऊन म्हणाली, "मी. इस्कोल." त्यानंतर रोज तेच. जेवताना तेच, न्हाताना तेच. वहिनीला, सुमंगलेला, ते ऐकून भरून यायचं. शेवटी ती उठली आणि हेडमास्तर गोकुळदासांकडे गेली. मास्तर वाईट माणूस नव्हे, पण लचांड नको असणाऱ्यातला. शाळेला पायऱ्या आहेत म्हणाला, वर्गात गर्दी आहे म्हणाला, तिला मागल्या दारी कोण नेणार म्हणाला. वहिनी हलेचना. मग तिला वाटेला लावण्यासाठी तो म्हणाला, "उभी राहून वर्गात येऊ दे. त्याच दिवशी नाव घालतो."

मास्तराने टाळलं. वहिनीने तो देवाचा कौल धरला. घरी आली ती तोंड उजळूनच. जूनमध्ये शाळा उघडेपर्यंत कमळ उभी राहिली पाहिजे, एवढं एकच तिच्या डोक्यात बसलं.

म्हापशाला एक केंद्र होतं, तिथे अशा मुलांना व्यायाम शिकवायचे. मीच घेऊन गेलो. कमळचे पाय फाकत नसत, म्हणून सीटवर टांग टाकून बसणं नाही. वहिनी मागे आडवी बसली, तिच्या मांडीवर कमळ आडवी, आणि जुन्या लुगड्याने दोघींना माझ्या पाठीशी बांधून घेतलं. कोलवाळच्या पुलावर वारा लागला तशी कमळ ओरडायला लागली. भीतीने नव्हे, मजेने. हॉर्न वाजव म्हणून माझ्या पाठीवर बुक्की मारत होती.

केंद्रातली व्यायामाची बाई तरुण होती, हसरी. तिने कमळला मोजलं. माणसाला एवढ्या तऱ्हांनी मोजतात हे मला त्या दिवशी कळलं. वजन केलं, दंडाला फीत गुंडाळली, पायांची लांबी घेतली. लांब हातांचा एक कोनमापक होता, तो मांडीला लावून पाय किती फाकतो, गुडघा किती वळतो ते बघितलं. मग सतरंजीवर एकेक करायला लावलं. पालथी हो, कुशीवर वळ, हात न टेकता बस, रांग, उभी राहा. प्रत्येकाला आकडा. कमळला रांगता येत नव्हतं, उभं राहता येत नव्हतं. बाईने "आता त्या भिंतीपर्यंत जा" म्हटलं मात्र, पोरीचे डोळे चमकले. तळवा टेकला आणि सरकत अशी सुटली की बाईला बाजूला व्हावं लागलं. भिंतीला हात लावून ती वळली आणि शाबासकीची वाट बघत बसली.

बाई हसली. पण मोजायच्या कागदात सरकण्याला जागा नव्हती. तिथे रांगणं होतं, उभं राहणं होतं, चालणं होतं. तिने शून्य घातलं. वहिनीने ते शून्य वाकून बघितलं आणि तिचं तोंड उतरलं.

बाईने नीट समजावून सांगितलं, हे मी तिच्या बाजूने सांगतो. दिवसातून दोनदा, थोडा थोडा वेळ, मेजाला धरून उभी करा. पाय लांब लांब ठेवायचे, मधे उशी. जाताना म्हणाली की पावसाआधी पुन्हा आणा, पुन्हा मोजू, काय फरक पडला ते बघू.

आमची माणसं कष्टाची. थोडा थोडा वेळ हे त्यांना कुठून कळावं? शेतात अर्धा दिवस राबलं तर अर्धं पीक आणि दिवसभर राबलं तर पूर्ण, हा आमचा हिशेब. महादेवने मेज आणायच्या ऐवजी माळ्यावरून जुनी माटोळी खाली काढली. चवथीला गणपतीच्या डोक्यावर फळं-भाज्या बांधायची लाकडी चौकट. नवी केली होती, जुनी पडून होती. देवाचं लाकूड म्हणून आई कुरकुरली, पण नातीसाठी म्हटल्यावर गप्प झाली. महादेवने ती सोप्याच्या दोन खांबांना उभी ठोकली. छातीशी एक पट्टी, कमरेशी एक, गुडघ्याशी एक. कमळला मधे उभी करून लुगड्याच्या काठांनी बांधायची.

पहिल्या दिवशी वहिनीने सांगितल्याप्रमाणे पाय फाकवले आणि मधे उशी घातली. आई बाहेर आली आणि बघतच राहिली. समोर वाट, वाटेवर माणसं.

"चेडवाची जात ती," आई म्हणाली. "दारात पाय फाकवन उभी करतलंस?"

वहिनीलाही ते बघवत नव्हतंच. उशी निघाली. पाय जवळ घेतले, गुडघ्याला गुडघा, घोट्याला घोटा, आणि काठाने आवळून बांधले. शाळेत पोरं सावधान उभी राहतात तशी कमळ दिसायला लागली. महादेव लांब जाऊन बघून आला आणि म्हणाला, आता कशी सरळ दिसते. सगळ्यांना बरं वाटलं. कमळलाही वाटलं. आयुष्यात पहिल्यांदा ती आमच्या कमरेच्या वर आली होती. गोठ्याच्या छपरावर काय काय टाकलंय ते तिने मला त्या दिवशी सांगितलं.

दुसऱ्या दिवशी पोय न्हाणीच्या चुलीत गेली. सरकायला मिळालं तर उभी कशाला राहील, असं वहिनीचं म्हणणं.

त्या वर्षी काजू बरा होता. उजाडताना तिघं डोंगरावर आणि कमळ चौकटीत. आई मधे येऊन पेज भरवायची, सोडून मागल्या दारी न्यायची, पुन्हा बांधायची आणि वर जायची. ऊन सकाळी अंगणात असायचं, दुपारी सोप्यावर चढायचं, मग कमळच्या तोंडावर यायचं. माश्या बसायच्या. एक हात मोकळा, त्याने ती हाकलायची. कोंबड्या सोप्यावर येऊन पायाशी घाण करायच्या आणि ती नुसती ओरडायची. वाटेवरची माणसं थांबायची, पण भाटात बोलायची तशी नव्हे. चुकचुकायची आणि जायची.

मी एकदा गाडीची केबल तुटली म्हणून दुपारचा घरी आलो. पोर चौकटीत लोंबत होती. मान खाली, ओठ सुकलेले, गुडघ्यांच्या आतल्या बाजूला काठाचे वळ. लघवी पायांवरून ओघळून सुकली होती. मला बघून तिने मान वर केली.

"काका, सोड."

सोडली. उचलताना तिने आपला हात जांघेत दाबून धरला आणि "हंय, हंय", इथे इथे, म्हणायला लागली. मी तिला धुतली, निजवली, पाणी पाजलं आणि वहिनी खाली येण्याची वाट बघत बसलो. माझं डोकं फिरलं होतं. वहिनी आली ती डोक्यावर बियांची टोपली घेऊन, घामाने थबथबलेली. मी तोंडाला येईल ते बोललो. बैलालासुद्धा दुपारी जुवातून सोडतात म्हणालो, तुला काळीज आहे की बोंडू म्हणालो. तिने टोपली उतरवली. रडली नाही.

"तुमी रागान बोलतलात आणि गाडी घेवन जातलात, भावजी. माझ्या मागसून तिका कोण बघतला? जल्मभर घसटतली ती? माका तिका चार अक्षरां शिकवची आसत."

ती पोरीचं वाईट करत नव्हती. तिच्याइतकी मेहनत त्या घरात कुणी घेत नव्हतं. दिवसभर डोंगर तुडवून संध्याकाळी ती कमळचे पाय तेलाने चोळत बसायची, आपल्या पायांना कधी तेल लावलं नाही. मी गाडी दुरुस्त करायला गेलो. चौकट तिथेच राहिली.

आणि कमळ उभी राहायला लागली, हेही खरं. चैत्र संपता संपता छातीची पट्टी सोडली तरी ती पट्टीला धरून तोल सांभाळायची. वहिनी शेजारपाजारच्या बायांना बोलावून दाखवायची. कमळ दात ओठ खाऊन उभी राहायची, बायका कौतुक करायच्या आणि मग तिला खाली घेतली की तोंड पांढरंफटक. जांघेत दुखतंय हे ती रोज सांगत होती. नवीन उभी राहते, दुखणारच, असं घरात ठरलं. कळ सोसल्याशिवाय काय मिळतं, हेच आम्ही लहानपणापासून ऐकत आलो.

फक्त एक धास्ती होती. बाईने विचारलं आणि पोर दुखतंय म्हणाली, तर बाई उभं राहणं बंद करायची. म्हणून वहिनीने तिला शिकवायला घेतलं. हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. मी दिवसभर रस्त्यावर. मागाहून आईने सांगितलं. डॉक्टर, बाई, मास्तर, कुणीही विचारलं की ना म्हणायचं. हो म्हटलंस की इस्कोल बंद. आणि कच्चं राहू नये म्हणून आई तिला फसवून बघायची. जवळ घ्यायची, गालावरून हात फिरवायची आणि लाडाने विचारायची, "खरा सांग गो, दुखता मा?" कमळ सुरुवातीला फसायची, हो म्हणायची. मग आई डोळे वटारायची. ना म्हटलं की गुळाचा खडा. वहिनी विचारायची, महादेव विचारायचा. कितीही लाडाने, कितीही काकुळतीने विचारलं तरी ना. हुशार पोर, आठ दिवसांत पक्की झाली. तिला तो खेळच वाटायला लागला.

पावसाआधी पुन्हा म्हापसा. या खेपेला पुलावर ती ओरडली नाही. खड्डा आला की माझ्या शर्टाला गच्च धरायची. बाईने पुन्हा सगळं मोजलं. उभं राहायची पाळी आली तेव्हा कमळने भिंतीवरचा दांडा धरला आणि उभी राहिली. कपाळावर घाम. बाई बोटांवर काही मोजत होती. हात सोड म्हणाली, कमळने एक हात सोडला. बाईने टाळ्या वाजवल्या, आतल्या दुसऱ्या बायांना हाक मारून दाखवलं. आकडा वर गेला होता, चांगलाच वर. वहिनीने तोंडाला पदर लावला. तिचं ते सुख मी बघितलंय, खोटं कशाला सांगू, माझ्याही डोळ्यांत पाणी आलं.

मग बाईने कोनमापक लावला. पाय फाकवायला गेली आणि थबकली. आधीच्यापेक्षा कमी फाकत होता. एक पाय आखूड वाटत होता. तिने वहिनीला विचारलं, उशी घालता ना? वहिनी हो म्हणाली. हिला दुखतं का? वहिनी ना म्हणाली. बाई मग कमळकडे वाकली आणि तिलाच विचारलं. कमळ तिच्याकडे बघून गोड हसली आणि ना म्हणाली. बाईने तरी सांगितलं की कमरेचा एक्स-रे काढून घ्या, उशीर करू नका. आम्ही हो हो म्हटलं. पुढे पाऊस लागला, भाताचा तरवा लावणीला आला, आणि ते राहिलं.

शाळा उघडली त्या दिवशी महादेवने तिला नवा फ्रॉक घातला आणि पाठीवर घेऊन गेला. मीही गेलो. वर्गाच्या दारात तिला खाली उतरवलं. एका हाताने चौकट धरून, दुसरा हात महादेवच्या हातात, पाय फरफटत का होईना, ती उभी उभी आत गेली. गोकुळदास मास्तर शब्दाला जागला. नाव घातलं. पोरं बघत होती. कमळचं तोंड असं काही फुललं होतं की ते मला मरेपर्यंत विसरता येणार नाही.

मग मास्तर म्हणाला, बस.

वर्गात बाकं नव्हती. पोरं जमिनीवर, चटईवर मांडी घालून बसायची. हे आमच्यापैकी कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. ज्या शाळेत आम्ही स्वतः जमिनीवर बसून शिकलो तिथे पोरीला बसावं लागेल हे कुणाला सुचलं नाही, सगळे उभं राहण्याच्या मागे. महादेवने तिला खाली बसवायचा प्रयत्न केला. कंबर वाकेना. जोर लावला तसा आतून काहीतरी कट्ट झालं आणि कमळने ओठ असा चावला की रक्त आलं. मास्तराने घाबरून विचारलं, दुखतंय का गं? ती म्हणाली, ना. मग तिला जनेलाशी उभी केली, खिडकीचे गज धरून. थोडा वेळ उभी राहिली. मग तिथेच ओकली आणि कोसळली. नवा फ्रॉक, चटई, पुढच्या पोराचं दप्तर, सगळं भरलं. पोरं नाक धरून लांब पळाली. मास्तराने बाल्दी मागवली आणि महादेवला म्हणाला, आज घेऊन जा, बरं वाटलं की आण. ती शाळेत गेली ती तेवढीच.

त्यानंतर कमळला सरकताही येईना. आईने नवी पोय आणून बांधली, पण बसवली की ती कुशीवर कलंडायची. महादेवने चौकट काढून मागल्या दारी टाकली. पोर सोप्यावर पडून असायची, पाय एकमेकांवर चढवून, आणि कूस बदलायला हाक मारायची. झोपेत रडायची. जागेपणी विचारलं की ना.

शेवटी भाताची कापणी उरकल्यावर मोठ्या इस्पितळात नेली. गाडीवर नेण्यासारखी राहिली नव्हती, टेम्पो केला. हाडांचा डॉक्टर केस पिकलेला, शांत बोलणारा. एक्स-रे उजेडाला धरला आणि आम्हाला दाखवला. मांडीच्या हाडाचा गोळा खोबणीतून बाहेर येऊन वर सरकला होता. अशा मुलांचा सांधा आधीच कच्चा असतो म्हणाला, पाय जवळ जवळ राहिले की लवकर निसटतो. मग त्याने चष्मा काढला आणि विचारलं, पाय कुणी बांधून ठेवत होतं का? गुडघ्यांवरच्या वळांचे काळे डाग अजून गेले नव्हते.

महादेव पिशवीतले कागद चाळायला लागला. वहिनीने कमळचा फ्रॉक गुडघ्यांवर ओढला. डॉक्टरचा आवाज थोडा चढला. पोरांना असं बांधणं गुन्हा आहे म्हणाला. महादेवच्या डोळ्यांसमोर पोलीस उभे राहिले. मी तोंड उघडलं तर त्याने माझा दंड दाबला.

डॉक्टरने पुढे विषय वाढवला नाही. ऑपरेशनचं समजावलं. मोठं ऑपरेशन, हाड कापावं लागेल, कित्येक आठवडे छातीपासून प्लास्टर, आणि हिची छाती अशक्त, त्यात जिवाला धोका. दुखत असेल तर करावंच लागेल, मी करीन म्हणाला. दुखत नसेल तर हात न लावलेला बरा, पुष्कळ मुलं अशीच राहतात. सगळं त्या एका गोष्टीवर येऊन थांबलं.

वहिनी पुढे झाली. दुखतं म्हणाली, फार दुखतं, झोपेत रडते. डॉक्टरने हात वर करून तिला थांबवलं आणि स्टूल ओढून कमळच्या तोंडासमोर बसला. एवढा मोठा डॉक्टर, पण पोरीला माणूस समजून विचारत होता. आमच्या घरात कुणी विचारलं नव्हतं तसं.

"आईला नको सांगू दे. तू सांग. दुखतं का?"

कमळ हसली.

"ना."

त्याने पाय हळूच उचलून फिरवला. कमळचं तोंड वेडंवाकडं झालं. पण ते बोलतानाही होत होतं, हसतानाही होत होतं. त्याला काय कळणार? वहिनीने कमळचा हात धरला. "हां म्हण गो बाय," म्हणाली, "खरा सांग, दुखता मा?" आणि गालावरून हात फिरवला. कमळने आईकडे बघितलं आणि तिच्या डोळ्यांत ओळखल्याचं हसू आलं. एवढ्या लोकांसमोर फसायची नाही ती. मान जोरात हलवून म्हणाली, "ना, ना."

वहिनी जितकी विनवत गेली तितकी कमळ घट्ट होत गेली. डॉक्टर म्हणाला, तिच्या तोंडात शब्द घालू नका. त्याने कागदावर काही लिहिलं आणि सहा महिन्यांनी दाखवायला सांगितलं.

मी तिला उचलून बाहेर आणली. दाराबाहेर येताच तिने मान वळवून मागे डॉक्टर नाही ना ते बघितलं आणि माझ्या खांद्यात दात रोवून रडायला लागली. सगळं अंग ताठ. मी महादेवला ढकललं आणि तसाच तिला घेऊन आत गेलो. साहेब, म्हटलं, बघा, दुखतंय, ही खोटं बोलते, हिला शिकवलंय. डॉक्टर दुसऱ्या पोराला तपासत होता, तरी उठला. तो समोर आला मात्र, कमळचं रडणं बंद. नाक पुसलं आणि त्याने काही विचारायच्या आधीच म्हणाली, "ना."

डॉक्टर मागून आलेल्या वहिनीकडे वळला.

"कुणी शिकवलंय? तुम्ही?"

वहिनीने आधी महादेवकडे बघितलं, मग डॉक्टरच्या खिशातल्या पेनाकडे, गुन्हा लिहून घेईल की काय म्हणून. मला वाटलं, बोलते आता.

"ना," वहिनी म्हणाली.

डॉक्टरने मान डोलावली. इस्पितळाला घाबरून मुलं रडतात म्हणाला, घरी गेलं की शांत होईल. मग पुढच्या पोराकडे वळला. आम्ही बाहेरच्या बाकड्यावर येऊन बसलो. कमळ माझ्या मांडीवर होती, तोंडावर आसवं तशीच, आणि वहिनीच्या पदराला ओढत होती. आपण चुकलो नाही, एकदाही फसलो नाही, हे तिला सांगायचं होतं.

"आई," ती म्हणाली, "आता इस्कोल?"

महादेव टेम्पो बघायला उठून गेला.